जॅग्वार मार्क २ मोटारीच्या डॅशबोर्डची पुनर्जुळणी

जॅग्वार मार्क २ ही इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९५९ ते १९६७ या काळात तयार झालेली चार दारांची मोटार होय. जीर्णोद्धारासाठी सुटा केलेला तिचा डॅशबोर्ड दुरुस्तीनंतर मूळ स्वरूपात पुन्हा बसवणे, यास डॅशबोर्डची पुनर्जुळणी म्हणतात. हे काम वरकरणी सजावटीचे वाटते. तथापि गाडीतील बहुतेक तारा येथेच एकत्र येत असल्याने जोडणीतील एका चुकीमुळेही आग लागण्याचा धोका संभवतो.

रचना

चालकासमोरील लाकडी फळीवर वेगमापक आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटर असतो. टॅकोमीटरच्या तबकडीतच लहान घड्याळ बसवलेले असते. मधल्या काळ्या पटलावर अ‍ॅमीटर तसेच इंधन, तेलाचा दाब व पाण्याचे तापमान दाखवणारे मापक असून त्यांखाली बटणांची रांग असते. हे पटल दोन स्क्रू हातानेच सैल करून पुढे उघडता येते. त्यामागे फ्यूज व तारांची जोडणी असते.

लाकूडकाम

लाकडी भागांवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. जुने व्हार्निश काढताना जास्त घासल्यास पापुद्रा झिजून खालचे लाकूड उघडे पडते. हे नुकसान भरून येत नाही. पापुद्राच बदलावा लागतो. शेजारच्या भागांवरील लाकडाच्या रेषा व रंगछटा परस्परांशी जुळाव्या लागतात. म्हणून एकच भाग न बदलता सर्व भागांवर एकत्रित काम करणे श्रेयस्कर ठरते. नव्या व्हार्निशच्या थरांमुळे मापकांची छिद्रे किंचित अरुंद होतात. ती बसवण्यापूर्वी तपासली नाहीत, तर मापक दाबून बसवताना कडा तडकतात.

जुळणीचा क्रम

प्रथम काचेवर गरम हवा सोडणाऱ्या नळ्या, हीटर व वायपरची यंत्रणा बसवतात, कारण डॅशबोर्ड बसल्यावर तेथे हात पोहोचणे अवघड होते. त्यानंतर तारांची जुडी ओवतात. पत्र्यातील प्रत्येक छिद्राला रबरी कडे असावे लागते. अन्यथा पत्र्याच्या धारेने तारेचे वेष्टन कापले जाते. वेगमापकाची केबल तीव्र वळण न देता नेतात, नाहीतर काटा थरथरतो. लाकडी भाग सर्वांत शेवटी बसवले जातात.

विद्युतजोडणी

तारांच्या रंगांना ठरावीक अर्थ असतो. तपकिरी तार बॅटरीकडून येणारा मुख्य पुरवठा, पांढरी इग्निशनचा, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून येणारा पुरवठा आणि काळी अर्थिंग दर्शवते. या गाडीत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याशी जोडलेला असतो. आजच्या गाड्यांच्या सवयीने ऋण ध्रुव जोडल्यास उपकरणे बिघडू शकतात.

स्टार्टर वगळता गाडीतील बहुतेक विद्युतप्रवाह अ‍ॅमीटरमधून जातो आणि ही वाट फ्यूजविना असते. त्याची जोडणी सैल राहिल्यास ती तापते. तिचा पत्र्याला स्पर्श झाल्यास तारा जळू लागतात. त्यामुळे मधले पटल उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवणे आवश्यक असते. लाकडी फळीवरील मापकांना सांगाड्याचा स्पर्श होत नसल्याने अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते.

चाचणी

लाकडी भाग बसवण्यापूर्वी सर्व बटणे बंद ठेवून व घड्याळाची तार सोडवून बॅटरीच्या वाटेत एक दिवा जोडतात. तो तेजाने पेटल्यास कोठेतरी तार पत्र्याला टेकलेली आहे असे समजावे. दिवा विझलेला राहिल्यासच बॅटरी थेट जोडून एकेक उपकरण तपासतात. इंधन व तापमान हे दोन्ही मापक एकाच वेळी वाजवीपेक्षा जास्त दाखवत असतील, तर दोष मापकांत नसून त्यांच्या सामाईक व्होल्टेज-नियंत्रकाच्या अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. ही परीक्षा आधी न केल्यास एका सैल तारेसाठी नवे लाकूडकाम पुन्हा उतरवावे लागते.