पुसून उभा केलेला डोंगर

नॉर्वेजियन चित्रकार पेडर बाल्केच्या ‘धुक्यातलं स्टेटिंड’ या चित्राच्या जवळ गेलं, की डोंगरावर रंग किती कमी आहे ते दिसतं. फिकट अस्तरावर राखाडी रंगाचा पातळ थर, आणि तोही बऱ्याच ठिकाणी विरलेला. जिथे रंग विरला तिथे धुकं दाटलंय. जिथे राहिला तिथे कातळ. स्टेटिंड म्हणजे उत्तर नॉर्वेत फियोर्डच्या काठावरून थेट १,३९२ मीटर चढलेला सुळका. १८६४ सालचं हे चित्र ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

असं काम बाल्केलाच सुचू शकलं, कारण १८०४ साली गरीब घरात जन्मलेला हा माणूस आधी रंगारी होता. साध्या लाकडावर संगमरवराच्या शिरा किंवा भारी लाकडाच्या रेषा उठवणं हे त्या धंद्यातलं कसब. रंग ओला आहे तोवर त्यातून कंगवा, चिंधी, प्रसंगी बोटही फिरवायचं. हात थबकला की काम बिघडलं.

पुढे ड्रेस्डेनमध्ये तो योहान क्रिस्टियान डाल यांच्याकडे शिकला. डाल यांची रीत निराळी. १८४२च्या ‘स्टालहाइमहून’ या चित्रात त्यांनी दरीतली घरं, उन्हाचे कवडसे, इंद्रधनुष्य सारं मन लावून रंगवलंय. बाल्केने ही शिस्त पाहिली, पण उतारवयातल्या चित्रांत त्याने आपलं जुनं कसबच जवळ केलं.

उत्तर नॉर्वेत तो १८३२मध्ये एकदाच गेला. तिथलं वादळ, नॉर्थ केप, खडकांवर आपटणारा समुद्र हे सगळं तो पुढची कित्येक दशकं आठवणीतून काढत राहिला. त्यामुळे तपशील गळत गेला आणि जोर उरला.

चित्रांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने ख्रिस्तियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) कडेला कामगारांसाठी ‘बाल्केबी’ ही वस्ती उभारली. चित्रं मात्र थांबली नाहीत. ती तळहाताएवढी झाली, बरीचशी नुसती काळी-पांढरी. ओल्या काळ्यातून ब्रश एका झटक्यात ओढला की लाट. पुसलेल्या पट्ट्यात चांदणं. विकायची नव्हती, म्हणूनच बहुधा त्यांत इतका धीटपणा आहे. त्याच्या मोठ्या, विक्रीसाठी सजवलेल्या चित्रांपेक्षा ही चिमुकली चित्रं निःसंशय सरस आहेत.

१८८७मध्ये तो गेला, तेव्हा लोकांना आठवला तो मुख्यतः त्याच्या समाजकार्यामुळे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरायला २०१४ साल उजाडलं.