पूर्वस्मृती आणि नवी कृती: 'द क्युअर'च्या एका अल्बमाचा आस्वाद

१ नोव्हेंबर २०२४ रोजी 'द क्युअर' या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीचा त्यांचा अल्बम '४:१३ ड्रीम' हा २००८ सालचा. म्हणजे मध्ये सोळा वर्षांचा काळ लोटला होता. बँडचा प्रमुख गायक, गिटारवादक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथ या वेळी पासष्ट वर्षांचा होता. ब्रिटनमधील अल्बमांच्या साप्ताहिक क्रमवारीत ही कृती पहिल्या स्थानावर गेली. १९९२ सालच्या 'विश'नंतर हा मान या बँडला प्रथमच मिळत होता. समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी तिचे जे स्वागत केले त्यात एक अभिप्राय निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा व्यक्त झाला: १९८९ च्या 'डिसइंटिग्रेशन'नंतरची या बँडची ही सर्वश्रेष्ठ कृती होय.

हा अभिप्राय वरवर पाहता निखळ स्तुतीचा वाटतो. पण थोडा विचार केला की त्यातील अडचण लक्षात येते. नव्या कृतीचे मोठेपण येथे जुन्या कृतीच्या मापाने ठरविले आहे. मग श्रोत्याला जो आनंद झाला तो नव्या कृतीचा की हरवलेली जुनी वस्तू परत सापडल्याचा? दीर्घकाळ कार्यरत असलेल्या कोणत्याही कलावंताच्या उत्तरायुष्यातील निर्मितीबाबत हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत अल्बमाच्या उदाहरणाने त्याचा उलगडा करता येतो किंवा कसे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम या बँडच्या परंपरेविषयी थोडेसे. १९७६-७७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'पंक' संगीताची लाट उसळली. तिने रॉक संगीतातील पांडित्याचा आणि भपक्याचा अव्हेर केला, आणि तीन सुरांवर गाणे उभे करू शकणाऱ्या तरुणांना धीर दिला. ती लाट ओसरल्यावर त्याच तरुणांपैकी काहींनी अंतर्मुख, मंद गतीचे, विषण्ण संगीत रचण्यास आरंभ केला. या व अशा प्रवाहांना पुढे 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' असे व्यापक नाव मिळाले. छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्था आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे यांच्या आश्रयाने हे संगीत वाढले. लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉली या गावातून पुढे आलेला 'द क्युअर' हा त्यातील एक आद्य बँड होय. 'थ्री इमॅजिनरी बॉईज' (१९७९) या पहिल्या अल्बमानंतर 'सेव्हन्टीन सेकंड्स' (१९८०), 'फेथ' (१९८१) आणि 'पोर्नोग्राफी' (१९८२) असे तीन उत्तरोत्तर काळवंडत गेलेले अल्बम त्याने दिले.

मात्र या बँडचे रूप एकेरी नाही. याच स्मिथने 'फ्रायडे आय अ‍ॅम इन लव्ह' यासारखी हलकीफुलकी, ओठांवर सहज रुळणारी गाणीही रचली, आणि बँडची सर्वदूर कीर्ती बव्हंशी त्या गाण्यांवर उभी आहे. तथापि निष्ठावान श्रोत्यांनी बँडचा खरा आत्मा मानला तो दीर्घ, संथ व शोकाकुल रचनांना. स्वतः स्मिथनेही 'पोर्नोग्राफी', 'डिसइंटिग्रेशन' व 'ब्लडफ्लॉवर्स' (२०००) या तीन अल्बमांना त्रयी मानून २००२ साली बर्लिन येथे ते सलग सादर केले. श्रोत्यांच्या हाती मापनाचा गज आला तो असा. कलावंताने आणि रसिकांनी मिळून तो घडविला होता.

नव्या अल्बमाची वाट पाहणे हाही या आस्वादाचा एक भाग होता. २०१९ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. अल्बम लवकरच येईल असे स्मिथने सांगितले. आणि पुढील काही वर्षे तो येत राहिला नाही. दरम्यान ६ ऑक्टोबर २०२२ रोजी लाटव्हियाची राजधानी रीगा येथे बँडचा दौरा सुरू झाला व त्यात अप्रसिद्ध गाणी गायिली जाऊ लागली. त्यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. अल्बम अस्तित्वात येण्यापूर्वी दोन वर्षे त्यातील काही गाणी श्रोत्यांच्या परिचयाची झाली होती. प्रसिद्धीच्या दिवशी अनेकांनी जे ऐकले ते नवे असूनही ओळखीचे होते.

अल्बमात एकूण आठ गाणी असून त्यांचा अवधी पाऊण तासाहून थोडा अधिक आहे. 'अलोन' या पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्येच वाजत राहतात. 'एंडसाँग' या दहा मिनिटांच्या अखेरच्या गाण्यात गायकाचा आवाज उमटण्यास सहा मिनिटे लागतात. ड्रमचा जड, सावकाश ठेका, सायमन गॅलपच्या बेस गिटारचा गंभीर नाद आणि कीबोर्डचे पसरत जाणारे सूर यांतून एक विस्तीर्ण अवकाश निर्माण होतो व मग त्यात मानवी स्वर प्रवेश करतो. ही रचनापद्धती 'डिसइंटिग्रेशन'मध्येही होती. श्रोत्यांना पहिल्याच मिनिटात जी ओळख पटली ती या रूपसाम्यामुळे.

परंतु आशयाकडे वळताच भेद स्पष्ट होतो. मधल्या वर्षांत स्मिथची आई, वडील आणि थोरला भाऊ हे तिघेही निवर्तले. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे गाणे भावाच्या मृत्यूवर आहे. 'एंडसाँग'च्या मुळाशी १९६९ सालची एक आठवण आहे: माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत दहा वर्षांचा मुलगा वडिलांसह बागेत उभा राहून चंद्राकडे पाहत होता. 'अलोन'ला प्रेरणा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी अर्नेस्ट डाउसन याच्या एका कवितेतून. डाउसन बत्तिसाव्या वर्षी निधन पावला. आयुष्याच्या अखेरीची कल्पना त्याने तारुण्यातच केली होती. स्मिथनेही 'फेथ' व 'पोर्नोग्राफी' रचले तेव्हा तो वीस-तेवीस वर्षांचा होता आणि 'डिसइंटिग्रेशन'च्या मागे तिशी गाठल्याची खिन्नता होती. तेव्हा मृत्यू आणि ऱ्हास हे त्याच्या कल्पनेचे विषय होते. पासष्टाव्या वर्षी ते अनुभवाचे विषय झाले. रूप तेच राहिले आणि त्याच्या आत असलेला आधार बदलला, असे या अल्बमाचे वर्णन करता येईल.

आता श्रोत्यांच्या प्रतिक्रियांचे स्वरूप पाहू. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाने या कृतीत आपले तारुण्य पुन्हा ऐकले. दुसऱ्या वर्गाने तिच्यात आपले आजचे वय ऐकले. ज्यांनी स्वतः आईवडील गमावले होते त्यांना ही गाणी आपल्याविषयीच आहेत असे वाटले. तिसरा वर्ग असमाधानी राहिला. ध्वनिमिश्रण फार दाट झाले असून वाद्ये एकमेकांत मिसळून जातात, सर्वच गाणी एका संथ गतीने चालतात, बँडचा प्रसन्न चेहरा येथे दिसतच नाही, असे त्याचे आक्षेप होते. हे आक्षेप संख्येने थोडे असले तरी उपेक्षणीय नाहीत. कारण त्यांत कृतीकडे कृती म्हणून पाहिलेले आहे.

पहिल्या दोन वर्गांतील भेद समजून घेण्यास भारतीय रसचर्चेचे साहाय्य होते. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादासाठी रसिकाच्या ठायी पूर्वसंस्कार, म्हणजे वासना, असाव्या लागतात. ज्याच्या चित्तात शोकाचा संस्कारच नाही त्याला करुणाचा आस्वाद घेता येणार नाही. त्याच अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नेही सांगितली असून त्यांपैकी एक 'निजसुखादिविवशीभाव' हे आहे. आपल्या वैयक्तिक सुखदुःखात बुडालेला प्रेक्षक समोरच्या कलाकृतीत विश्रांत होऊ शकत नाही, हा त्याचा इत्यर्थ. म्हणजे प्रेक्षकाचे पूर्वायुष्य ही आस्वादाची अटही आहे आणि अडथळाही. हे विवेचन नाट्याच्या संदर्भात केलेले आहे व ते इंग्लिश रॉक संगीतास जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. तरीही प्रस्तुत प्रश्नाची नेमकी गाठ त्यात पकडलेली आहे.

जुन्या बँडचा निष्ठावान श्रोता संस्कारांनी समृद्ध असतो. चाळीस वर्षांच्या श्रवणाने त्याचे कान घडलेले असतात; दीर्घ वाद्यारंभ ऐकून तो अधीर होत नाही. परंतु हाच श्रोता विघ्नग्रस्तही असतो. पहिला सूर लागताच त्याला आपले वसतिगृह, आपले पहिले प्रेम, आपली तेव्हाची खोली आठवते, आणि तो गाणे ऐकण्याऐवजी स्वतःला ऐकू लागतो. पहिल्या वर्गाची प्रतिक्रिया पुष्कळदा येथेच थांबते. दुसऱ्या वर्गातही हा धोका आहे: आपल्या घरच्या मृत्यूची आठवण होऊन डोळे पाणावणे म्हणजे करुणाचा आस्वाद नव्हे, ते केवळ दुःखाचे पुनरावर्तन होय. साधारणीकरण घडते ते भावाचा 'हा माझा' व 'हा दुसऱ्याचा' असा बंध सुटल्यावर.

मग हा अल्बम ते साधारणीकरण घडवतो काय? या ठिकाणी त्याची दीर्घ वाद्यप्रस्तावना महत्त्वाची ठरते. निजसुखदुःखाच्या विघ्नावर अभिनवगुप्ताने जे उपाय सांगितले त्यांत वाद्य व गायन यांचा समावेश आहे. नाट्यगृहात येणाऱ्या माणसाचे चित्त त्याच्या संसारातून सोडवून घेणे हे त्यांचे कार्य. 'एंडसाँग'मधील पहिली सहा मिनिटे नेमके हेच कार्य करतात. आठवणींचा पहिला उमाळा येतो, वाद्ये वाजतच राहतात, उमाळा ओसरतो. आणि मगच शब्द येतात. जो श्रोता तोपर्यंत थांबला त्याच्यापर्यंत ते शब्द पोचतात तेव्हा तो स्वतःच्या तारुण्यातून बाहेर आलेला असतो. ज्या गुणाला काहींनी संथपणाचा दोष म्हटले तोच कृतीला जुन्या स्मृतींच्या ओझ्याखालून सोडवितो.

एक व्यावहारिक बाबही नोंदविली पाहिजे. श्रोता इतका वेळ थांबण्यास तयार होतो तो विश्वासामुळे, आणि तो विश्वास केवळ संगीतातून येत नाही. २०२३ च्या अमेरिकन दौऱ्यात बँडने तिकिटांचे दर हेतुतः कमी ठेवले असता विक्रेत्या कंपनीने लावलेले शुल्क कित्येकांना तिकिटाइतकेच भरू लागले. स्मिथने त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली आणि कंपनीला काही ग्राहकांना दहा, तर इतरांना पाच डॉलर परत करावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. पण आपल्या बाजूने कोणीतरी उभे राहिले ही जाणीव क्षुल्लक नव्हती. अल्बमाच्या प्रसिद्धीदिनी लंडनच्या ट्रॉक्सी नाट्यगृहात बँडने तो संपूर्ण सादर केला. सुमारे तीन तासांचा तो कार्यक्रम इंटरनेटवरून जगभर विनामूल्य पाहता येत होता.

यावरून श्रोतृप्रतिक्रियांच्या अभ्यासकाला एक पद्धतिविषयक सावधगिरी घ्यावी लागते. क्रमवारीतील पहिले स्थान हे स्वागताचे परिमाण सांगते, त्याचे स्वरूप सांगत नाही. एकाच स्तुतिवाक्यामागे कोठे स्मरणरंजन, कोठे स्वतःचा शोक आणि कोठे कृतीचा खराखुरा आस्वाद असू शकतो. हे तिन्ही वेगळे काढल्याखेरीज 'डिसइंटिग्रेशननंतरची सर्वश्रेष्ठ' या अभिप्रायाचा अर्थ लागत नाही. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा जुन्या अल्बमासारखा आहे म्हणून थोर ठरत नाही. जुन्या रूपाची ओळख देऊन तो श्रोत्याला आत घेतो आणि त्या ओळखीपलीकडे, तरुणपणी केवळ कल्पिलेल्या दुःखाच्या प्रत्यक्ष रूपापाशी, नेऊन सोडतो. त्या जागी 'डिसइंटिग्रेशन' रचणारा तिशीतील स्मिथ पोचू शकला नसता, आणि त्याचा त्या वेळचा श्रोताही नाही.