घरें पांच, पाहुणे किती?

संगणकास आज्ञा लिहावयास नुकताच शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी कोठें लागते, असें कोणी विचारिल्यास आम्ही सांगूं कीं, वापरणाऱ्यानें दिलेले आंकडे ओळीनें एका रांगेंत भरून घेण्यांत. काम दिसावयास सोपें आहे. परंतु त्यांत जी सावधगिरी लागते, तीच पुढें मोठमोठ्या कामांत उपयोगी पडते. म्हणून हें काम 'सी' नांवाच्या भाषेंत कसें होतें, आणि तें करतांना चूक कोठें होते, हें आम्ही येथें पायरीपायरीनें सांगणार आहों. ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली, व ती आजही शिकविली जाते.

समजा, पांच विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण संगणकांत घ्यावयाचे आहेत. प्रत्येकासाठीं निराळ्या नांवाची निराळी जागा मागितली तर पांचांपुरतें चालेल. पन्नास विद्यार्थी झाले म्हणजे मात्र जीव मेटाकुटीस येईल. याकरितां एकाच नांवाखालीं, एकास एक लागून असलेल्या घरांची रांग मागतात. हिलाच इंग्रजींत 'ॲरे' म्हणतात. रांगेस नांव एकच, 'गुण' असें धरूं. आणि प्रत्येक घरास क्रमांक.

येथें नवशिक्यास पहिला धक्का बसतो. हे क्रमांक एकापासून नव्हे, तर शून्यापासून सुरू होतात. याचें कारण सरळ आहे. रांगेच्या आरंभापासून किती घरें ओलांडावयाचीं, याचें माप म्हणजे क्रमांक. पहिल्या घरापाशीं जाण्यास एकही घर ओलांडावें लागत नाहीं. म्हणून तें शून्य क्रमांकाचें. आजच्या बहुतेक संगणकांत एक पूर्णांक चार बाइट जागा घेतो. रांग स्मृतीच्या १००० या जागेपासून सुरू झाली असें धरिलें, तर पांच घरें अनुक्रमें १०००, १००४, १००८, १०१२ व १०१६ येथें येतात, आणि त्यांचे क्रमांक ० ते ४ होतात. पांच घरांच्या रांगेंत पांच क्रमांकाचें घरच नसतें, ही गोष्ट विद्यार्थ्यानें मनावर कोरून ठेवावी.

आतां घरें भरूं. यासाठीं एकच काम पुनःपुन्हां करविणारें चक्र वापरतात. त्यास 'लूप' म्हणतात. मोजणीसाठीं एक अंक घेऊन त्यास आरंभीं शून्य ही किंमत द्यावी. तो पांचांहून लहान आहे तोंवर प्रत्येक फेरींत एक गुण विचारून त्या क्रमांकाच्या घरांत ठेवावा, आणि मग अंक एकानें वाढवावा. कळफलकावरून गुण घेण्यासाठीं 'स्कॅनएफ' ही आज्ञा आहे. तिला घरांतील किंमत नव्हे, तर घराचा पत्ता द्यावा लागतो. म्हणून घराच्या नांवाआधीं 'अँपरसँड' हें चिन्ह लिहितात. पाकिटावर पत्ता न लिहितां पत्र पोंचण्याची वाट पाहणें जसें व्यर्थ, तसेंच हें चिन्ह गाळणें होय.

या कामांत दोन चुका वारंवार होतात. पहिली मोजण्याची. 'पांचांहून लहान' असें लिहिण्याऐवजीं 'पांच किंवा त्याहून लहान' असें लिहिलें, कीं चक्र सहा वेळां फिरतें. सहावा आंकडा १०२० या जागीं जातो, आणि ती जागा आपली नव्हे. सी भाषा यास अडवीत नाहीं. आज सारें सुरळीत दिसेल, आणि उद्यां शेजारची दुसरीच एखादी किंमत बिघडलेली आढळेल. जावा व पायथन या भाषा अशा वेळीं काम थांबवून चूक दाखवितात. सीमध्यें ही राखण लिहिणाऱ्यानेंच करावयाची असते.

दुसरी चूक विश्वासाची. ७० हा आंकडा न देतां कोणी 'सत्तर' असें अक्षरांत लिहिलें तर? स्कॅनएफला तें वाचतां येत नाहीं. ती अक्षरें होतीं तेथेंच राहतात, आणि पुढच्या फेरींतही तींच आडवीं येतात. त्यामुळें उरलेलीं सर्व घरें न भरतां तशींच राहतात, आणि त्यांत आधींचें कांहीं तरी निरर्थक पडलेलें असूं शकतें. तरीही सरासरी काढली जाते, व खोटें उत्तर नीटनेटकें छापून येतें! यावर उपाय आहे. किती किंमती नीट वाचल्या, तें स्कॅनएफ स्वतःच सांगते. उत्तर 'एक' आलें तरच पुढें जावें. नाहीं तर ती ओळ टाकून देऊन पुन्हां विचारावें. शिवाय गुण ० ते १०० यांच्या दरम्यान आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें.

ही केवळ वर्गांतली चूक नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें संगणकांच्या जाळ्यांत आपोआप पसरणारी एक आज्ञावली सोडिली. ती पुढें 'मॉरिस वर्म' या नांवानें ओळखली गेली. तिच्या शिरकावाच्या वाटांपैकीं एक अशी होती. 'फिंगर' नांवाची एक सेवा बाहेरून आलेली ओळ ५१२ अक्षरांच्या रांगेंत भरून घेई, व त्यासाठीं 'गेट्स' ही आज्ञा वापरी. रांग केवढी आहे, हें ही आज्ञा विचारीतच नसे. ओळ संपेपर्यंत ती भरीत जाई. वर्मनें ५१२ हून अधिक अक्षरें पाठविलीं. जास्तीचीं अक्षरें रांगेबाहेर सांडलीं. हातचें काम संपल्यावर कोठें परतावयाचें, याचा पत्ता जवळच ठेविलेला होता. तो त्यांनीं बदलला, आणि संगणक परक्याच्या आज्ञा पाळूं लागला. हजारों संगणक मंदावले. २०११ च्या सी भाषेच्या प्रमाणकांतून 'गेट्स' काढून टाकण्यांत आली. आतां 'एफगेट्स' वापरतात. तिला रांगेची लांबी आधींच सांगावी लागते.

ती सेवा लिहिणारे अडाणी नव्हते. इतकी लांब ओळ कोण पाठवील, असें त्यांनीं गृहीत धरिलें, एवढेंच. विद्यार्थिमित्रांनो, तुमची आज्ञावली तुमच्यापुढें चालते, कारण काय द्यावयाचें तें तुम्हांस ठाऊक असतें. ती दुसऱ्याच्या हातीं देऊन पाहा; धाकट्या भावंडास हव्या त्या कळा दाबूं द्या. आणि पालकांनीं, संगणकाची विद्या अवगत नसली तरी, आपल्या पाल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: घरें किती आहेत, आणि नको तो पाहुणा दारीं आला तर तूं काय करशील? या दोहोंचें उत्तर ज्यास देतां येईल, त्याचें काम विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां येईल.