उन्हाने तुटते, उजेडाने सांधते

वैशाखातल्या दुपारी उज्जैनच्या राम घाटावर माणसाची सावली पायांशी गोळा होते. कर्कवृत्त इथून जेमतेम पाव अंश उत्तरेला, आणि सिंहस्थ भरतो तो नेमका याच उन्हात. 2016 चा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे असा चालला. पुढचा 2028 मध्ये आहे. शिप्रेत उभे राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्याच्या खांद्यावर जे अतिनील किरण पडतात, तेच फुलांच्या मधुरसावर आणि फळांच्या सालीवर जगणाऱ्या यीस्टवरही पडतात. इजाही दोघांना सारखीच होते. डीएनएच्या साखळीत शेजारी बसलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटतात, साखळीला तिथे बाक येतो आणि पेशी तिची नक्कल करू लागली की काम त्या जागी अडते.

ही इजा निस्तरण्याचा एक मार्ग यीस्टकडे आहे आणि आपल्याकडे नाही, ही गोष्ट मला फार चटका लावते.

तो मार्ग सापडला अनपेक्षितपणे. 1949 च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत होते. किती जीव वाचतात याचा हिशेब काही जुळेना. तपमानावर संशय घेऊन झाला. कारण निघाले साधा दृश्य प्रकाश. उजेडात ठेवलेले जीव सावरत होते. पुढे क्लॉड रुपर्ट यांनी पावाच्या यीस्टच्या अर्कातही हे काम करणारे विकर असल्याचे दाखवले. त्याला आज फोटोलायेज म्हणतात. ते अंधारातच चिकटलेल्या जोडीला जाऊन बसते, निळ्या प्रकाशाची वाट पाहते आणि प्रकाश मिळताच एक इलेक्ट्रॉन देऊन अब्जांश सेकंदाच्या आत ती जोडी सोडवते. काही कापावे लागत नाही, नवे काही विणावेही लागत नाही.

अंधारातली दुरुस्ती मात्र रफूगारासारखी आहे. रॅड-4 हे प्रथिन बिघाड ओळखते, रॅड-3 आणि रॅड-25 दुपदरी साखळी उकलतात, रॅड-14 नेमकी जागा पारखते. मग एका बाजूने रॅड-2 आणि दुसऱ्या बाजूने रॅड-1 व रॅड-10 यांची जोडी छेद घेते. सुमारे 25 अक्षरांचा तुकडा निघून जातो आणि समोरच्या निरोगी धाग्यावरून रिकामी जागा भरली जाते.

ही नावे कोरडी वाटली, तरी त्यांच्यामागे माणसांची दुखणी आहेत. 1968 साली कॉक्स आणि पॅरी यांनी अतिनील किरणांपुढे टिकाव न धरणारे यीस्टचे वाण वेगळे केले. बिघाड 22 जनुकांत विभागलेला निघाला. त्याच वर्षी जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले, की झेरोडर्मा पिगमेंटोझम झालेल्या रुग्णांच्या पेशींत हीच दुरुस्ती होत नाही. या मुलांना ऊन सोसत नाही, कोवळ्या वयातच त्वचेचे कर्करोग होतात. त्यांच्या बहुतेक सदोष जनुकांचे भाईबंद यीस्टमध्ये सापडले. 1999 मध्ये सत्य प्रकाश व लुईस प्रकाश यांच्या गटाने यीस्टचे रॅड-30 हे चिकटलेल्या थायमिनांवरूनही अचूक नक्कल पुढे नेते, असे सिद्ध केले. त्याचे मानवी रूप बिघडले की याच आजाराचा एक प्रकार होतो.

आपल्याकडे ही रफूची वाट आहे. फोटोलायेज मात्र सस्तन प्राण्यांच्या आपल्या शाखेने गमावले, कांगारूच्या कुळाने राखले. रॉटरडॅमच्या संशोधकांनी कांगारूच्या कुळातल्या पोटोरूचे हे जनुक उंदरांत घातले, त्यांना अतिनील किरण दिले आणि नंतर उजेडात ठेवले. त्या उंदरांना त्वचेचे कर्करोग खूपच कमी झाले.