मर्क्युरीच्या आतली शिवण

1951 सालची मर्क्युरी. तिच्या डॅशबोर्डावरचे नॉब कंपनीचे नाहीत. प्लास्टिकचे थर एकावर एक चिकटवून, कापून, घासून, चकाकी येईपर्यंत पॉलिश करून ते गाडीच्या मालकानं स्वतः बनवले आहेत. मालकाचं नाव मासातो हिरोहाता. सगळे त्याला बॉब म्हणत. कॅलिफोर्नियातला जपानी वंशाचा तरुण. असे नॉब कसे करायचे हे त्यानं 1953 साली ‘रॉड अँड कस्टम’ मासिकात लिहूनही टाकलं.

त्याची गाडी ‘हिरोहाता मर्क’ या नावानं जगभर ओळखली जाते. जॉर्ज आणि सॅम या बॅरिस बंधूंच्या लॉस एंजेलिसजवळच्या कारखान्यात 1952 साली ती नव्यानं घडली. टप पुढून चार इंच आणि मागून सात इंच कापून खाली बसवला, दारांमधला खांब काढून टाकला, वर फिकट आणि खाली गडद हिरवा रंग चढवला. कंपनीतून आलेली गाडी कापून, जोडून मालकाच्या मनासारखी करणं म्हणजे ‘कस्टम’. आणि त्या पंथातली सगळ्यात नावाजलेली गाडी हीच. तिच्या पत्र्याच्या कामावर पानंच्या पानं लिहिली गेली. मला मात्र तिचं दार उघडून आत बघावंसं वाटतं. कारण कस्टम गाडीवाल्यांमधला जुनं विरुद्ध नवं हा वाद खरा पेटतो तो आतल्या बैठकीवरून.

टप कापला की आतलं सगळं गणित बिघडतं. डोकं छताला टेकायला लागतं म्हणून सीट खाली घ्यावी लागते, पाठ थोडी मागे कलवावी लागते. काचा अरुंद होतात, त्यामुळे आत अंधार येतो. मधला खांब गेला की काचा खाली केल्यावर गाडीची कूसच उघडी पडते आणि सीट बाहेरून थेट दिसते. म्हणजे आतली शिवण हा गाडीचा बाहेरून दिसणारा भाग होतो. म्हणून या गाड्यांच्या आत उजळ रंग आले, आणि बाहेरचा रंग आत नेण्याची रीत पडली. हिरोहाता मर्कची बैठक हिरव्या-पांढऱ्या रंगात आहे ती याच हिशेबानं. ती कार्सन टॉप शॉपच्या ग्लेन हाउसर यांनी शिवली. हे लॉस एंजेलिसचं दुकान 1930 च्या दशकापासून गादीसारखे भरलेले, उचलून बाजूला ठेवता येणारे टप बनवण्यासाठी प्रसिद्ध होतं. काच कापून बुटक्या केलेल्या उघड्या गाडीवर असा टप चढला की गाडीचा आकारच खुलायचा. हे टप घडी होत नसत. बाहेर पडताना आभाळाकडे बघून टप घरी ठेवायचा की न्यायचा हे ठरवावं लागे.

या बैठकीच्या शिवणकामाला ‘टक अँड रोल’ म्हणतात. लांबून बघितलं तर एकाला एक लागून ठेवलेल्या बोटभर जाडीच्या नळ्यांची रांग दिसते. जवळून बघितलं तर ही गोधडीचीच थोरली बहीण आहे. खाली साध्या कापडाचं अस्तर. त्यावर वरचं कापड ठरावीक अंतरावर दुमडायचं आणि दुमड अस्तराला अशी शिवायची की टाका दुमडीच्या पोटात लपावा. दोन शिवणींच्या मध्ये एक पोकळ बोगदा उरतो. लांब, चपट्या पट्टीनं त्यात कापूस सरकवायचा, सगळीकडे सारखा. जास्त झाला तर नळी ताठ होऊन शिवणीवर ताण येतो, कमी झाला तर वर्षभरात बसकी होते. पुढे फोमच्या शीट मिळू लागल्या आणि कापड व फोम एकत्र शिवायची सोपी रीत आली, पण जुने कारागीर भरलेल्या नळीचाच गोलावा खरा मानतात.

यातलं खरं कौशल्य मोजमापात आहे. एकेका दुमडीत पाव इंच कापड गेलं, तर पन्नास नळ्यांच्या सीटमध्ये साडेबारा इंच कापड नुसतं दुमडीत जिरतं. हा हिशेब आधी धरला नाही, तर शेवटची नळी सीटच्या कडेपर्यंत पोचतच नाही. शिवाय सीटवरच्या नळ्यांची रेघ दारावरच्या नळ्यांशी जुळायला हवी. एक शिवण दोन सूत हलली, तरी दार लावताना नजर तिथेच अडकते.

कापड कुठलं, तर बहुतेक वेळा नॉगाहाइड. कनेक्टिकट राज्यातल्या नॉगटक गावावरून नाव पडलेलं कृत्रिम चामडं. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो तेच हे. रेक्झिन हेही मुळात एका इंग्रज कंपनीच्या मालाचंच नाव. चामड्याचा तुकडा जनावराच्या अंगाएवढा, वेडावाकडा, कुठे जाड कुठे पातळ. रेक्झिनचा तागा मात्र सलग, एकसारखा, हव्या त्या रंगात आणि ओल्या फडक्यानं पुसता येणारा. शेजारी शेजारी पन्नास नळ्या एकाच रंगाच्या हव्यात, तर असाच माल लागतो.

सांगलीत एसटी स्टँडच्या मागे रिक्षाच्या सीट शिवणारे एक चाचा होते. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानासमोर उभा राहायचो. रेक्झिनचा तुकडा ते आधी उन्हात पसरून ठेवायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, “त्याला ऊन खाऊ दे, मग ओढू. थंड कापड ऐकत नाही.” कोपऱ्याशी कापड ओढताना त्यांचा अंगठा पांढरा पडायचा आणि सुरकुती नाहीशी व्हायची. पुढे कस्टम गाड्यांवर वाचायला लागलो तेव्हा कळलं, कॅलिफोर्नियातले कारागीरही रेक्झिन गरम करूनच ताणतात. तेव्हापासून कुठलीही जुनी बैठक बघितली की मी आधी कोपरा बघतो.

कॅलिफोर्नियातल्या अनेक तरुणांना हाउसर यांच्यासारख्याकडून काम करून घेणं परवडायचं नाही. ते सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जायचे. 1950 आणि 60 च्या दशकांत तिथे सीट शिवणारे कारागीर मोटारींची वाट बघत असायचे. सकाळी गाडी द्यायची, शहरात भटकायचं आणि संध्याकाळी नवी बैठक घेऊन परतायचं. स्वस्तात भराभर झालेल्या या कामाच्या कितीतरी दंतकथा आहेत. आत कापसाऐवजी गवत निघालं, रद्दी निघाली, असं लोक सांगत राहिले. त्या कथांच्या नादात एक गोष्ट निसटते. टक अँड रोल ही श्रीमंतांच्या गाड्यांतली हौस होती, ती गॅरेजात काम करणाऱ्या पोरांपर्यंत पोचवली ती मेक्सिकन हातांनी.

पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये मग याचीच वेगळी शाखा फुटली. ‘लोरायडर’ म्हणजे जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली गाडी. जेसी वलादेज यांची ‘जिप्सी रोझ’ ही 1964 ची शेवरोलेट इम्पाला यातली सर्वात प्रसिद्ध. बाहेर गुलाबांची रंगीत आरास आणि आत गुलाबी मखमल, चक्क झुंबरसुद्धा. कुणाला हे अति वाटेल. पण संथ गतीनं, सगळ्या वस्तीला दिसेल अशी मिरवायची गाडी म्हणजे घरची बैठकीची खोलीच रस्त्यावर आणणं. ज्यांना शहरानं मागच्या गल्ल्यांमध्ये ठेवलं, त्यांनी आपला दिवाणखाना मुख्य रस्त्यावर आणला. त्या मखमलीत मला मोठा स्वाभिमान दिसतो.

1980 च्या दशकात वारं फिरलं. कॅलिफोर्नियातल्या बॉइड कॉडिंग्टन यांच्या कारखान्यातून गुळगुळीत, कुठेही जोड न दिसणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या. झीझी टॉप या बँडचे गायक बिली गिबन्स यांच्यासाठी 1948 च्या कॅडिलॅकवरून 1989 साली घडवलेली ‘कॅडझिला’ ही त्या काळाची खूण. त्या लाटेत गाड्यांच्या आत नळ्या गेल्या, सपाट चामडं किंवा जाडंभरडं ट्वीड आलं. लांब सलग सीटच्या जागी दोन वेगळ्या सीट आणि मधून जाणारा कन्सोल. काट्यांच्या मीटरऐवजी आकडे. स्पीकर दाराच्या पोटात, एसीची झडप डॅशबोर्डाच्या रेषेत मिसळलेली.

या नव्या शैलीचा दावा पोकळ नाही. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे उघडा पोलादी पत्रा आणि स्टेअरिंगचा दांडा म्हणजे छातीवर रोखलेला भाला. धडकेत दबणारा दांडा आणि सीट बेल्ट अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीचे झाले ते 1968 पासून. त्याआधीच्या गाडीत आज लेकराबाळांना घेऊन लांबवर जायचं, तर तीन टोकांचा पट्टा, भक्कम पाठीची सीट आणि पत्र्यामागे आवाज शोषणारं अस्तर मागणं यात गैर काहीच नाही. ॲरिझोनाच्या उन्हात रेक्झिनवर चार तास बसलेल्या माणसाला परंपरेचं प्रवचन देऊ नये.

पण जुन्याचे कैवारी आणि नव्याचे पुरस्कर्ते दोघेही एक गोष्ट विसरतात. हिरोहाता मर्कच्या आत आज जे पारंपरिक म्हणून पूजलं जातं, ते 1952 साली नवंकोरं होतं. रेक्झिनची चमक आणि प्लास्टिकचे नॉब ही त्या काळाची नवलाई होती. 1961 च्या सुमारास एड रॉथ यांनी ‘बीटनिक बँडिट’ ही कस्टम गाडी बनवली. तिला स्टेअरिंगच नाही, वळणं, वेग, ब्रेक सगळं एका दांड्यावर. पारंपरिक मानल्या जाणाऱ्या त्या काळातल्या माणसांइतके नव्याचे वेडे दुसरे कुणी नव्हते. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर नुसतं हिरवं-पांढरं रेक्झिन घेऊन भागणार नाही. गाडीचा बाहेरचा आकार बघून आतलं ठरवणं, हाताशी असलेल्या नव्या मालाला आपल्या हातानं वळण लावणं, नॉबसारखी छोटी वस्तूही तयार न आणता घडवणं, हे घ्यायला हवं.

म्हणून माझ्यापुरता मी एक निवाडा केला आहे. ज्या गाडीला इतिहास आहे, तिच्या आत आपली आवड घुसवायची नाही. हिरोहाता मर्कचं भाग्य थोर. 1959 साली जिम मॅकनील या पोरसवदा मुलानं ती 500 डॉलरला घेतली, वर्षानुवर्षं सांभाळली आणि दुरुस्त केली ती 1950 च्या दशकातल्या तिच्या मूळ रूपात. 2017 साली तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय यादीत झाली. 2022 च्या जानेवारीत फ्लोरिडात लिलाव झाला तेव्हा तिला 21 लाख 45 हजार डॉलर मिळाले. आत आकड्यांचे मीटर आणि सपाट चामडं बसवलं असतं, तर ती एक देखणी जुनी मर्क्युरी उरली असती, हिरोहाताची मर्क राहिली नसती.

पण गंजलेल्या सांगाड्यावरून आज नव्यानं उभी राहणारी गाडी वेगळी. तिथे एसी बसवा, पट्टे बसवा, जुन्या चौकटीत नवे मीटर बसवा. फक्त दुकानातून आणलेली तयार सीट बोल्टांनी आवळून मोकळं होऊ नका. टप किती उतरला आहे ते बघून सीट कापा. दाराची रेघ सीटच्या रेघेला मिळवा. आणि शिवणाऱ्याचं नाव रंगवणाऱ्याच्या नावाशेजारी लिहा. रंग सगळे लांबून बघतात. तासन्‌तास पाठ टेकलेली असते ती शिवणाऱ्याच्या हातावर.

चाचांचं दुकान आता नाही. पण रिक्षात बसलो की माझा हात अजून आपोआप सीटच्या कोपऱ्याकडे जातो. तिथे सुरकुती लागली नाही, की समजतो, कुणीतरी या कापडाला आधी ऊन खाऊ दिलं होतं.