एकाच लाव्ह्याची बेटे

ज्वालामुखीची बेटे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जपान किंवा हवाई उभे राहते. आपल्या देशात जागृत ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट गाठावे लागेल. परंतु ज्वालामुखीच्या खडकाची, शेजारी शेजारी असून स्वभावाने निरनिराळी अशी बेटे महाराष्ट्रातच आहेत. ती मुंबईस आहेत, आणि साक्रीकरांना ती परकी नव्हेत.

हे नाते खडकाचे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. तो थरांवर थर पसरत गेला. आजही त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. मुंबईकडील काही खडक त्यानंतरचे आहेत. पुढे सखल भागात समुद्र शिरला आणि उंचवटे तेवढे बेटे होऊन राहिले. म्हणजे ही बेटे स्वतः ज्वालामुखी नव्हेत. ज्वालामुखीने घातलेल्या फरशीचे ते तुकडे होत.

आता त्यांचे स्वभाव पाहू. वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर सापडला आणि त्यात बेडकांचे अवशेष मिळाले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे गोडे पाणी साचले होते, जीव नांदत होते, याचा हा पुरावा. साष्टी बेटावर अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. तेथे लाव्हा हळूहळू थंड होत आकसला, म्हणून उभे खांब शेजारी शेजारी रचल्यासारखे दिसतात. त्याच साष्टीवर कान्हेरीला बौद्ध भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी कोरली. आम्हांस तेथे मूर्तींइतकीच नवलाची वाटली ती लेण्यांशेजारची पाण्याची टाकी. पावसाचे पाणी पन्हळांनी टाक्यांत उतरवण्याची कला त्या लोकांना साधली होती.

गेटवेवरून बोटीत बसले की तासाभरात घारापुरी येते. वाटेत जवाहर द्वीप लागते. तेथे तेलाची जहाजे लागतात. सामान्य माणसाला उतरण्याची परवानगी नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून तेथील एका टाकीला आग लागली होती. पलीकडच्या घारापुरीवर मात्र शिल्पकारांनी शिवाचे त्रिमुख असे घडवले की १९८७ साली ही लेणी जागतिक वारशात गणली गेली. मौज अशी की, मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही या बेटावरील तीन गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून तार टाकल्यावर. शेजार आहे, पण नशीब निराळे!

मुंबईच्या मूळ सात बेटांचे तर वेगळेपणच गेले. बांध घातले, खाड्या बुजवल्या, टेकड्या खणल्या आणि त्यांचे एक शहर झाले. गिल्बर्ट टेकडीचाही भोवतालचा भाग खाणींनी खाऊन टाकला. खडक एकच होता; कोठे त्यातून देव प्रकटला, कोठे खडी निघाली. हा फरक माणसाने केला.

आता आपल्या घराकडे वळू. धुळे-नंदुरबार भागात शेतांतून, माळांवरून सरळ जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती आपण रोज पाहतो. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. भेगांत शिरलेला लाव्हा तेथेच गोठला. भोवतालचा खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. अशी भिंत अखंड असेल तर भूगर्भातील पाण्याला बांधासारखी आडवी येते आणि वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते. भेगाळलेली असेल तर तीच पाण्याची वाट होते. पांझरेवर बंधारे बांधून फडाची शेती करणाऱ्या आपल्या पूर्वजांना अडवलेल्या पाण्याचे मोल ठाऊक होते. भामेरच्या किल्ल्यावर खडकात खोदलेली टाकीही तेच सांगतात.

म्हणून आमची विनंती एवढीच की, एखादी डाईक खडीसाठी फोडण्याचे ठरेल तेव्हा प्रथम तिच्या दोन्ही अंगांच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मोजून पाहावे. फोडलेली भिंत पुन्हा ओतायला आता लाव्हा येणार नाही.