आयएसडीएन जोडणी : तार एकाची, इंटरनेट दुसऱ्याचे

घरी आयएसडीएन जोडणी घेणाऱ्या भारतीय ग्राहकाला २००० सालाच्या सुमारास दोन निराळ्या खर्चांचा हिशेब ठेवावा लागत असे. एक दूरध्वनीचा, दुसरा इंटरनेटचा. यांपैकी दूरध्वनी कोणाचा घ्यावा, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवतच नव्हता. मुंबई आणि दिल्लीत महानगर टेलिफोन निगम, तर उर्वरित देशाच्या बहुतांश भागात आधी दूरसंचार विभाग आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम, अशी विभागणी होती. ग्राहकाच्या हाती उरत होती ती इंटरनेट सेवा पुरवठादाराची निवड. ही निवड अनेकांनी जाहिरातीतील ताशी दर पाहून केली. प्रत्यक्षात त्या दराला एकूण खर्चात दुय्यम स्थान होते.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यापूर्वी शैक्षणिक संस्थांसाठी अर्नेट आणि शासकीय कार्यालयांसाठी निकनेट ही जाळी अस्तित्वात होती, पण घरगुती ग्राहकाला त्यांचा उपयोग नव्हता. नोव्हेंबर १९९८ मध्ये नवे धोरण जाहीर झाले आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले. ‘अ’ वर्गाचा परवाना संपूर्ण देशासाठी, ‘ब’ वर्गाचा एखाद्या दूरसंचार परिमंडळासाठी वा महानगरासाठी, तर ‘क’ वर्गाचा साधारणपणे एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी होता. पहिल्या वर्गासाठी २ कोटी रुपयांची बँक हमी द्यावी लागे, तिसऱ्यासाठी अवघी ३ लाखांची. त्यामुळे लहान शहरांतही स्थानिक पुरवठादार उभे राहिले आणि ग्राहकापुढे प्रथमच निवडीचा प्रश्न आला.

आयएसडीएन म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय या निवडीतील खाचाखोचा ध्यानात येत नाहीत. साध्या दूरध्वनीवर संगणकाची माहिती पाठवायची तर मोडेम तिचे आवाजात रूपांतर करतो, आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजातून पुन्हा माहिती वेगळी काढतो. आयएसडीएनमध्ये ग्राहकाच्या घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंतचा प्रवासही अंकीय स्वरूपातच होतो. तांब्याच्या त्याच दोन तारांवर ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या आणि संकेतांसाठी १६ किलोबिटची तिसरी वाहिनी मिळते. दोन मोठ्या वाहिन्यांपैकी एकीवर बोलता येते आणि त्याच वेळी दुसरीवर इंटरनेट चालते. दोन्ही एकत्र जोडल्यास वेग सेकंदाला १२८ किलोबिट होतो. मोडेमची शिटी आणि अर्धा मिनिट चालणारी खरखर यांचा येथे प्रश्नच नव्हता. एक-दोन सेकंदांत जोडणी होई. शिवाय माहिती येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखाच असे. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून माहिती पाठवताना मात्र ३३.६ किलोबिटच्या पुढे जाता येत नसे. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी दूरध्वनी करण्यास परवानगी मिळाल्यावर हा सारखेपणा विशेष उपयोगी पडू लागला.

पहिली अट दूरध्वनी केंद्राची होती. केंद्र डिजिटल असून भागत नसे, त्यात आयएसडीएनची सोयही असावी लागे, आणि घर केंद्रापासून तारेच्या मापाने सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत असावे लागे. ही अट पूर्ण झाल्यावर पुरवठादाराकडे वळण्यात अर्थ होता.

त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न दराचा नव्हता. आयएसडीएनचा कॉल त्याच्या यंत्रणेला घेता येतो का, हा होता. अनेक पुरवठादारांनी आपली केंद्रे साध्या मोडेमच्या कॉलसाठी उभारलेली होती. दूरध्वनी केंद्राशी असलेला त्यांचा दुवा जुन्या संकेतपद्धतीचा असेल, तर ग्राहकाच्या घरी कितीही आधुनिक जोडणी असली तरी तिचा अंकीय कॉल तेथे स्वीकारला जात नसे. त्यासाठी पुरवठादाराकडे ३० वाहिन्यांचा आयएसडीएन दुवा, म्हणजे ‘पीआरआय’, आणि त्याला जोडलेले योग्य यंत्र लागे. विक्री करणाऱ्या प्रतिनिधीला हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तांत्रिक विभागाकडून होकार मिळवणे आणि शक्य तर आधी आयएसडीएन घेतलेल्या एखाद्या ग्राहकाकडे खात्री करणे शहाणपणाचे होते.

दुसरा प्रश्न दोन वाहिन्या एकत्र करण्याचा. हे काम ‘मल्टिलिंक’ नावाची पद्धत करते आणि ती दोन्ही टोकांना चालू असावी लागते. व्यवहारात अडचण निराळ्याच ठिकाणी येई. एका खात्यावर एका वेळी एकालाच प्रवेश, असा नियम बहुतेक पुरवठादार पाळत, कारण एकच सांकेतिक शब्द मित्रमंडळींत वाटून घेण्याची प्रथा फार पसरली होती. ग्राहकाचा दुसरा कॉल आला की यंत्रणेला वाटे, कोणी तिऱ्हाईत तेच खाते वापरू पाहत आहे. ती कॉल नाकारी. मोठ्या पुरवठादाराकडे कॉल घेणारी अनेक यंत्रे असत. पहिला कॉल एका यंत्रावर आणि दुसरा भलत्यावर गेला, तर त्या यंत्रांचा आपसांत समन्वय असल्याशिवाय दोन्ही वाहिन्या एक होत नसत. ‘१२८ किलोबिटपर्यंत’ या शब्दातील ‘पर्यंत’चा अर्थ ग्राहकाला अशा वेळी कळे.

पुरवठादाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याच्या दुव्यावर तीसच वाहिन्या असत. दोन वाहिन्या वापरणारा एक ग्राहक दोघांची जागा अडवत होता. म्हणून दोन्ही वाहिन्या सुरू असताना खात्यातील तास दुप्पट वेगाने कापले जाणे, यात तत्त्वतः अन्याय नव्हता. मात्र ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे होती. शंभर तासांचे म्हणून घेतलेले खाते पन्नास तासांत संपले की तक्रारींना तोंड फुटे.

खरा खर्च दूरध्वनीच्या देयकात होता. इंटरनेटच्या खात्याचे पैसे एकदा भरले तरी प्रत्येक मिनिटाचा कॉल दूरध्वनी कंपनीकडे मोजला जातच राही, आणि दोन वाहिन्या म्हणजे दोन कॉल. तीन मिनिटांच्या एका पल्सला १ रुपया २० पैसे असा स्थानिक दर धरला, तर तासाला २० पल्स, म्हणजे २४ रुपये होतात. दोन्ही वाहिन्यांवर ४८ रुपये. रोज दोन तास वापर करणाऱ्या घरात महिन्याला ६० तासांचे एका वाहिनीवर १,४४० आणि दोन वाहिन्यांवर २,८८० रुपये. पुरवठादार ताशी दोन रुपये कमी घेतो की जास्त, याने या आकड्यांत १२० रुपयांचा फरक पडतो.

तरीही दोन वाहिन्या नेहमीच महाग पडतात, हा समज बरोबर नाही. दहा मेगाबाइटची फाइल ६४ किलोबिटने उतरवायला सुमारे २१ मिनिटे लागतात. म्हणजे सात पल्स, ८ रुपये ४० पैसे. १२८ किलोबिटने तेच काम साडेदहा मिनिटांत होते. प्रत्येक वाहिनीवर चार, अशा एकूण आठ पल्स, ९ रुपये ६० पैसे. अवघ्या सव्वा रुपयात दहा मिनिटे वाचतात. नुकसान होते ते पान उतरल्यावर ग्राहक ते सावकाश वाचत बसला की. दुसरी वाहिनी रिकामी राहते आणि मीटर चालूच राहतो. त्यामुळे गरज वाढताच दुसरी वाहिनी जोडणारी आणि गरज सरताच ती सोडणारी मांडणी ज्या पुरवठादाराकडे नीट चालत असे, तो ताशी दराने थोडा महाग असला तरी परवडत असे.

याच चटकन जुळण्याच्या गुणाने काही घरांना मोठा फटकाही दिला. मोडेम जोडला जाताना आवाज करतो आणि घरातल्यांना कळते. आयएसडीएन निमूटपणे जोडले जाते. संगणकातील एखादी प्रणाली टपाल तपासायला वा स्वतःची नवी आवृत्ती शोधायला अधूनमधून बाहेर डोकावते. मागणीनुसार आपोआप क्रमांक फिरवण्याची सोय चालू ठेवली असेल, तर अशा प्रत्येक वेळी एक कॉल होतो. तो दहा सेकंदांचा असला तरी पूर्ण पल्स आकारली जाते. दर दहा मिनिटांनी एक असे दिवसाला १४४ कॉल होतात. वरच्याच दराने त्यांचे १७२ रुपये ८० पैसे, महिन्याचे पाच हजारांवर. संगणकासमोर कोणी बसलेले नसताना झालेला हा खर्च. पुरवठादाराकडील जोडणीच्या नोंदी ग्राहकाला पाहता येतात का, हा प्रश्न यामुळेच महत्त्वाचा होता. दूरध्वनी कंपनीशी देयकावरून वाद झाला, तर तपशील पडताळण्यासाठी या नोंदींचाच आधार होता.

पुरवठादाराचा क्रमांक स्थानिक दराने लागतो की नाही, हेही पाहावे लागे. देशव्यापी परवाना असलेल्या कंपनीचे केंद्र आपल्या गावात असेलच असे नव्हते. लांबच्या शहरातील केंद्राला एसटीडीने जोडून घेणे आयएसडीएनवर कोणालाही परवडणारे नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी ‘क’ वर्गातील छोटा पुरवठादार कित्येकदा अधिक सोयीचा ठरे. उलट कामानिमित्त नागपूर, बेळगाव, इंदूर अशी फिरती असणाऱ्याला त्याचे खाते बाहेरगावी निरुपयोगी होते.

लाइन व्यस्त असण्याचा त्रास सर्वांच्या परिचयाचा होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००१ मध्ये या सेवेसाठी गुणवत्तेचे निकष ठरवून दिले. पहिल्या प्रयत्नात ८० टक्के, दुसऱ्यात ९० टक्के आणि तिसऱ्यात ९९ टक्के वेळा जोडणी मिळाली पाहिजे, असे त्यात नमूद होते. रात्री नऊच्या सुमारास स्वतः दोन-चार वेळा क्रमांक फिरवून पाहणे, ही त्याची घरगुती चाचणी होती.

जोडणी मिळाल्यानंतरचा वेग आणखी एका गोष्टीवर ठरे. पुरवठादाराकडून बाहेर जाणारी वाट किती रुंद आहे? आपल्या घरापासून त्याच्यापर्यंत १२८ किलोबिट मिळाले, तरी पुढे शेकडो ग्राहक एकाच अरुंद दुव्यावर असतील, तर त्या वेगाचा उपयोग नाही. त्या काळी एका भारतीय पुरवठादाराच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय पुरवठादाराच्या ग्राहकाला धाडलेला मजकूर पुष्कळदा परदेशातून फिरून येई. जून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाल्यावर देशांतर्गत देवाणघेवाण देशातच होण्याची व्यवस्था आकाराला आली.

पुरवठादार बदलणे तसे सोपे होते. नवा क्रमांक, नवे नाव, नवा सांकेतिक शब्द संगणकात घातला की झाले. तारेला हात लावावा लागत नसे. अडत असे ती टपालपेटी. पुरवठादाराने दिलेला ई-मेल पत्ता खात्याबरोबरच जाई. नोकरीचे अर्ज, परदेशातील आप्तांची पत्रे त्या पत्त्यावर येत असतील, तर वाईट सेवा सोसूनही लोक तेथेच राहत.

ही मोकळीक फार काळ टिकली नाही. नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मध्ये, दूरध्वनी कंपन्यांनी आपली तांब्याची तार अन्य पुरवठादारांना ब्रॉडबँडसाठी खुली करावी, अशी शिफारस केली. ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट ही किमान वेगमर्यादा आली, पण तार खुली करण्याची सक्ती आली नाही. तो विषय कंपन्यांच्या परस्पर करारांवर सोडण्यात आला. २००५ मध्ये भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी त्याच तारांवर स्वतःची ब्रॉडबँड सेवा आणली. तिचा वेग आयएसडीएनच्या दुप्पट होता आणि पल्सचा मीटर नव्हता. घरगुती आयएसडीएनची गरज त्यानंतर झपाट्याने ओसरली. तार ज्याची, इंटरनेटही त्याचेच, अशी व्यवस्था झाली आणि पुरवठादार बदलायचा तर तारही बदलणे आले. पुढे केबलवाल्यांनी आपली तार आणली, मग फायबर कंपन्यांनी आपापली. आज शहरातील अनेक इमारतींच्या जिन्यात तीन-चार कंपन्यांच्या केबल शेजारी शेजारी वर चढलेल्या दिसतात, आणि त्यांत दूरध्वनीची जुनी तांब्याची तारही कोठेतरी लोंबत असते.